ठेवण्यात आले

साल्तियो शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुते, त्यामुळे खरं कोण राबतं ते मला पक्कं ठाऊक आहे. अकरा वर्षं राबली ती एर्मेलिंदा. रस्त्यावर ताको विकणाऱ्या गाडीवाल्यांकडून अ‍ॅव्होकाडोच्या बिया गोळा करायच्या, वाळवायच्या, दळायच्या, ती पूड पाणी घातलेल्या अल्कोहोलात कालवायची आणि यंत्राची धातूची कांडी बुडवून त्यात ध्वनिलहरी सोडायच्या. हा आवाज माणसाला ऐकूच येत नाही, असं आमचे प्रमुख डॉक्टर अरिस्पे सगळ्यांना सांगतात. स्वतः मात्र दार लावून बाहेर बसतात! आत एर्मे, कानात कापूस कोंबून.

लहरींनी बियांतलं औषधी सत्त्व भराभर सुटतं, पण द्रवही तापतो, आणि तापला की सत्त्व गेलंच. म्हणून चंचुपात्राभोवती बर्फ. दर दोन मिनिटांनी वितळलेलं पाणी काढायचं, नवा बर्फ भरायचा, डोळा तापमापकावर. एर्मेची बोटं निळी पडायची.

शोधनिबंध छापून आला. वर पाच नावं. त्यातले एक गृहस्थ आमच्याकडे फक्त कॉफी प्यायला यायचे. एर्मेचं नाव कुठेच नाही. तिने चष्मा लावून एका ओळीवर बोट ठेवलं: 'तापमान पंचवीस अंशांवर ठेवण्यात आले.'

"कोणी ठेवलं, डॉक्टर?"

"अगं, शास्त्राची भाषा अशीच असते. तिच्यात माणूस नसतो."

"वर पाच आहेत की! सहावं माझं घाला."

"बर्फ घालायला काय अक्कल लागते, एर्मे?" ते हसले. हातातली बाटली त्यांच्या टाळक्यात घालावी असं मला वाटलं. अजून वाटतं.

पुढच्या महिन्यात ग्वादालाहाराहून दोन संशोधिका आल्या. निबंधाबरहुकूम करूनही त्यांना निम्मंसुद्धा सत्त्व मिळत नव्हतं. डॉक्टरांनी ऐटीत स्वतः यंत्र लावलं, एकदाच बर्फ भरला आणि बोलत सुटले. पारा तीस, अडतीस, सत्तेचाळीस. केशरी द्रव मळकट दिसू लागला. पाहुण्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"एर्मे, बर्फ!" डॉक्टर ओरडले.

कोपऱ्यातल्या स्टुलावर हाताची घडी घालून बसलेल्या एर्मेने एका कानातला कापूस सावकाश काढला.

"ठेवण्यात येईल, डॉक्टर," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.