खिशातली चावी

आनंदा गेल्याची बातमी मला मेकॅनिक लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळी वर्कशॉप उघडून चहा ठेवला होता, तेवढ्यात फोन वाजत सुटला. हात जोडलेली चित्रं, फुलं, ‘देवमाणूस गेला’, ‘पोकलेनचा डॉक्टर हरपला’... नावं वाचत गेलो आणि डोकं फिरलं. त्यातल्या तिघांनी त्याला कामावरून काढलं होतं. एकानं तर गेल्या वर्षी त्याचा फोनसुद्धा उचलला नव्हता. मी काही लिहिलं नाही. मला शिवी लिहायची होती, आणि तीही त्यांना नाही, आनंदाला. दीड महिना झाला, अजून तो राग उतरलेला नाही. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना चांगलं बोलायचं होतं ते बोलून मोकळे झाले, आता मी माझं बोलतो.

आनंदा माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडच्या वाडीचा. मी आष्ट्याचा. साताऱ्यात एका मिस्त्रीच्या हाताखाली आम्ही एकाच वर्षी लागलो. पोकलेन, डोझर, रोलर, जे येईल ते उघडायचं. मिस्त्री बोलायचा कमी आणि मारायचा जास्त, पण एक गोष्ट त्यानं आमच्या हाडात भिनवली. मशिनला हात लावायच्या आधी चावी काढायची आणि आपल्या खिशात घालायची. ऑपरेटरकडं नाही, टेबलावर नाही, आपल्या खिशात. “चावी तुज्या खिशात हाय तवर तुजा जीव तुज्यापाशी हाय,” म्हणायचा. आनंदानं हे इतकं मनावर घेतलं की पुढं त्याची खोडच झाली. पाटणच्या वर बोगद्याच्या कामावर आम्ही दोघं होतो तेव्हा हा सुट्टीला गावी गेला आणि चावी खिशातच राहिली. त्या बनावटीचं मशिन साइटवर एकच, दुसरी चावी नाही. दीड दिवस काम ठप्प. साहेबानं मला वेड्यासारखं झापलं, कारण झापायला आनंदा समोर नव्हता. माझ्या नशिबी हेच आलं जन्मभर. करायचं त्यानं, भरायचं मी.

त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, हे कबूल करतो, नाहीतर खोटं बोलल्यासारखं होईल. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून तो सांगायचा, दुखणं कुठं आहे ते. पण बूड स्थिर नाही. बोगदा सोडून मशिन विकणाऱ्या एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गेला. तिथं त्यानं शिकवलेली डिप्लोमावाली पोरं लॅपटॉप घेऊन त्याचेच साहेब झाली, तेव्हा अपमान होतो म्हणून तेही सोडलं. मग आखातात गेला. आमच्या धंद्यात बढती नसते, नुसती बदली असते. पगार वाढवून हवा तर जागा सोडायची, दुसरा रस्ताच नाही. मीही हे जाणतो. पण काही माणसं जागा सोडतात, आणि आनंदासारखी माणसं सोबत्याला सोडतात.

आखातातून परत आला तेव्हा मी आष्ट्याच्या बाहेर स्वतःचं वर्कशॉप टाकत होतो. म्हणाला, “यासिन, आता कुटं जायाचं न्हाई गड्या. दोगं मिळून करू.” पाटी रंगवली तेव्हा त्याचं नाव मी वर लिहायला लावलं, माझं खाली. दीड वर्षं बरी गेली, फक्त एका गोष्टीवरून रोज भांडण. तोवर जमाना बदलला होता. एकाच कंपनीची दहा-दहा मशिनं एका साइटवर, आणि त्या सगळ्यांना एकच चावी लागते. प्रत्येक ऑपरेटरच्या खिशात एक, साहेबाकडं एक, पानटपरीवर मागितली तरी मिळेल. म्हणून मी चावी काढली की बॅटरीची तारही सोडायचो. आनंदा हसायचा. “मिस्त्रीनं सांगितलं तेवडं बास हाय. तू लय भित्रा.” मी म्हणायचो, “मिस्त्रीच्या काळात मशिन एक आन् चावी एक हुती रं.” हा शीळ घालत मशिनखाली शिरायचा. माझ्या वर्कशॉपात, माझ्या डोळ्यांदेखत. त्याच्यामागं जाऊन तार मी सोडायचो.

मग हायवेचं काम निघालं आणि तिथल्या ठेकेदारानं त्याला मोठ्या पगारावर बोलावलं. एका गिऱ्हाइकाच्या पोकलेनचा हायड्रॉलिक पंप टेबलावर उघडा पडला होता, सगळे भाग मांडलेले, ते कुठल्या क्रमानं बसतात हे फक्त त्याला ठाऊक. सकाळी आलो तर हा नाही. फोन केला तर म्हणाला, “साइटवर रुजू झालोय. तू करशील की.” मी केलं. नऊ दिवस लागले, गिऱ्हाईक तुटलं. दुसऱ्या दिवशी पाटीवरचं त्याचं नाव मी स्वतः ब्रश घेऊन पुसलं. त्या ठेकेदाराचा रस्ता संपला, त्यानं मशिनं दुसऱ्या राज्यात नेली आणि आनंदाला तिथल्या तिथं रिकामं केलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

पुढं सहा वर्षं आम्ही बोललो नाही. तो एका दारातून दुसऱ्या दारात फिरत असल्याचं कानावर यायचं. पन्नाशी ओलांडलेला मेकॅनिक म्हणजे कुणालाच नको असतो. गुडघे गेलेले, शिक्षणाचा कागद नाही, वर जिभेला धार. मग एक दिवस दुपारी तो एसटीनं आला. केस पांढरे, चालताना उजवा पाय ओढत होता. दारात एक पोकलेन धूर मारत उभं होतं. नमस्कार नाही, कसा आहेस नाही, आधी त्याच्याकडं गेला. चालू करायला लावलं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, बंद केलं, चावी काढून खिशात घातली आणि आत हात घातला. म्हणाला, “तीन नंबरचा इंजेक्टर.” मग हात पुसत माझ्यासमोर बसला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, “यासिन, तुज्यात जागा हाय का? घरापास्नं लांब हाय, पर ऱ्हाईन हितंच. आता कुटं जायाची ताकद न्हाई.”

सहा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. उत्तर तयार होतं. म्हणालो, “जागा हाय. तुज्यासाटी न्हाई.”

तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मी कामाला लावला असता. उरलेला चहा पिऊन, कप धुऊन जागेवर ठेवून गेला. तासाभरानं लक्षात आलं की पोकलेनची चावी घेऊन गेलाय. फोन करून ओरडलो. एसटीच्या आवाजात तो म्हणाला, “दुसरी लाव की. सगळ्यास्नी एकच तर लागती.”

म्हणजे त्याला माहीत होतं... मेल्या, तुला माहीत होतं.

पंधरा दिवसांनी तो गेला. गावाजवळच्या एका खडी क्रशरवर कामाला लागला होता. पोकलेनच्या मागं, वरच्या धडाला तोलासाठी असतं ते लोखंडी वजन आणि खालचा ट्रॅक यांच्या फटीत वाकून गळका पाइप बदलत होता. चावी खिशात. ऑपरेटर जेवून आला, मागं कुणी आहे हे त्यानं पाहिलं नाही. त्यानं आपल्या खिशातली चावी लावली आणि मशिनचं वरचं धड फिरवलं. बॅटरीची तार सोडायला अर्धं मिनिट लागतं. तीस वर्षं दुसऱ्यांची मशिनं जगवली, पण एवढं अर्धं मिनिट याला स्वतःसाठी काढता आलं नाही.

मातीला मी गेलो नाही. तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, पाणी दिलं आणि आतून कागदात बांधलेली चावी आणली. चावीला चिकटवलेली पिवळी पट्टी, तिच्यावर माझं अक्षर. “भावजी, शर्टाच्या खिशात दोन हुत्या. एक क्रशरवाल्यांनी मागून नेली. ही तुमची हाय म्हनलं. रोज जाताना खिशात घालायचे. म्हनायचे, यासिनकडं जायाचंय, ही द्यायाचीय, मग त्यो घीलच आत.” मला तिथं बसवेना. काय सांगणार होतो त्या बाईला? की तो आला होता आणि मी त्याला नाही म्हणालो?

चावी वर्कशॉपात खिळ्याला टांगली. त्या पोकलेनचा इंजेक्टर मी तेव्हाच स्वतः बदलला होता. तीन नंबरचाच होता.

परवा एक जण विचारत आला. आनंदाच्याच वयाचा, सात ठिकाणं फिरलेला, गुडघ्याला पट्टा. “मालक, जागा हाय का?” मी म्हणालो, “हाय.” लगेच कामाला लावला. त्यानं समोरच्या पोकलेनची चावी काढली, खिशात घातली आणि पुढं वाकला. मी असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. तो दचकून म्हणाला, “आवं, चावी खिशात हाय की माज्या.”

त्याला दहा पावलं मागं उभं केलं. खिळ्यावरची चावी काढली, वर चढलो, घातली आणि फिरवली. मशिन धडधडत चालू झालं. त्या माणसानं खिसा चाचपला, चावी तिथंच होती. त्याचं तोंड उतरलं. मशिन बंद करून मी खाली आलो, तोवर तो न सांगता बॅटरीची तार सोडत होता.

एवढंच होतं, आनंदा. एकदा वर चढून चावी फिरवून दाखवायची होती. दीड वर्षं मी तुझ्याशी नुसता तोंडानं भांडत बसलो.