सुगंधाबाईच्या पापडाला कोणी आलं नाही

उडदाचं पीठ कुटून झालं होतं. अर्ध्या पिठाच्या लाट्या कापून तेलात लोळवल्या होत्या, उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली होता, आणि ओसरीवर सुगंधाबाई एकटीच बसली होती. ऊन डोक्यावर आलं तरी पारोळ्याच्या त्या गल्लीतली एकही बाई पोळपाट-लाटणं घेऊन तिच्या दारात आली नाही.

असं कधी झालं नव्हतं. वैशाखात एकीचे पापड म्हणजे गल्लीचे पापड. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. बोलावूनही न जाणं म्हणजे त्या घराला वाळीत टाकणं. सदुसष्टच्या त्या उन्हाळ्यात सुगंधाबाई साऱ्यांकडे लाटून आली होती. थोरली जाऊ धुरपदाबाई, भिंतीला भिंत लागून घर. तिच्याकडे तर कंबर धरली तरी उठली नव्हती. आता त्याच भिंतीपलीकडून हसणं ऐकू येत होतं.

कारण तिला ठाऊक होतं. लेक चंद्रकला मॅट्रिक होऊन वर्षभर घरी बसली होती. जूनमध्ये तिला जळगावच्या कॉलेजात घालायची, तिथल्या माहेरी आता कोणी नाही म्हणून वसतिगृहात ठेवायची, असं सुगंधाबाई परवा बालाजीच्या देवळात बोलून गेली. तेवढं पुरलं. त्यात सुगंधाबाई स्वतः जळगावच्या माहेरची, बोलणं शहरी. त्याचाही राग गल्लीला जुनाच.

ती उठली आणि जावेच्या दारात जाऊन उभी राहिली. आत साऱ्याजणी पाय पसरून बसल्या होत्या.

“अक्का, पीठ वाळून चाललंय.”

“वाळू दे ना माय,” धुरपदाबाई सुपारी कातरत म्हणाली. “तुनी पोर शिकेल शे. तिले सांग, पुस्तक वाचीसन पापड लाट.”

बायका खिदळल्या. समोरच्या घरच्या नर्मदाबाईनं मान खाली घातली, पण हसली तीही.

“तिच्या शिकण्यानं तुमचं काय बिघडलं?”

“मन्ही पोर इंदूनं लगीन चाळीसगावले जमी राह्यनं शे. त्यास्नी इचारं, तुमनी पुतनी परगावले एकटी ऱ्हास का, तं मी काय सांगू?” धुरपदाबाईनं अडकित्ता खाली ठेवला. “पोर जात नाही, एवढं बोल. आत्ते बठ्ठ्याजणी लाटाले उठतस.”

सुगंधाबाईच्या ओठांवर ते आलंही. नवरा पितांबर सकाळीच म्हणाला होता, गल्लीशी वैर घेऊन कोणाचं भलं झालंय? त्यांचं किराणा दुकान या घरांवरच चालायचं. आणि पापडाला न येणाऱ्या बायका उद्या बाळंतपणाला येतील? मयताला येतील?

ती उंबऱ्यातच घुटमळली तशी धुरपदाबाईला जोर चढला. “कॉलेजवाल्या पोरी घर कश्या येतस, माले माहीत शे. पोट लईसन येतस.”

या वेळी कोणी हसलं नाही.

“अक्का,” सुगंधाबाई म्हणाली, “इंदूच्या हळदीला मला बोलावू नका. मी मेले तर माझ्या दारात येऊ नका. चंद्रकला जाणार.”

घरी आली तर लेक ओसरीवर रडवेली उभी. भिंतीआडून सगळं ऐकलेलं. “आई, राहू दे. मी नाही जात.”

“तुला विचारलंय कोणी? लाटणं घे.”

दोघी मायलेकी तिन्हीसांजेपर्यंत लाटत राहिल्या. पापड जाड झाले, कडा फाटल्या. उरलेला गोळा लाकडासारखा झाला, तो म्हशीच्या घमेल्यात गेला. सुगंधाबाईनं देवापुढे दिवा लावला. रोज ती दोन्ही घरांचं भलं मागायची. त्या संध्याकाळी एकाच घराचं मागितलं.

पितांबर जेवताना एवढंच म्हणाला, “आता दुकानात कोण येईल?”

“ज्याला मीठ लागेल तो येईल,” तिनं भाकरी ताटात टाकली.

सकाळी तिला तलाठ्याकडे जायचं होतं, चंद्रकलेच्या फीमाफीसाठी उत्पन्नाचा दाखला आणायला.