सिस्टर आणि पंचवीसचा आयपीस

सिस्टरांच्या दुर्बिणीला हात लावायचा तर आधी हात धुवावे लागत. तेही साबणाने, मनगटापर्यंत. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली एक नळ होता आणि त्याच्याशेजारी साबणाची वडी कायम ठेवलेली असे. कुणी म्हणालं, "सिस्टर, चंद्राला काय जंतू लागणार आहेत?" तर त्या म्हणत, "चंद्राला नाही, भिंगाला लागतात. तुझ्या बोटाचं तेल त्यावर बसणार, मग ते पुसायला तू शर्टाचं टोक बाहेर काढणार आणि चरे पाडून ठेवणार. धू आधी."

दापोडीत रेल्वेलाइनच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली त्या एकट्या राहत, मुलगी लग्न होऊन नागपूरला. वर मी भाडेकरू. मी लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. त्या एका मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. जवळजवळ सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेलेली. निरोप समारंभाला काय भेट हवी असं स्टाफने विचारलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, पैठणी म्हणतील. त्या म्हणाल्या, "दुर्बीण द्या." नाइट ड्यूटीला जरा उसंत मिळाली की दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघत उभं राहायची त्यांना जुनी सवय होती. जवळून बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

घरात बुद्धमूर्तीच्या शेजारच्या फळीवर त्यांचे आयपीस ठेवलेले असत. आयपीस म्हणजे दुर्बिणीचं डोळा लावायच्या बाजूचं छोटं भिंग. प्रत्येकाला वेगळी स्टीलची डबी, आत कापूस. मला पहिल्यांदा वाटलं, इंजेक्शनच्या सुया असतील.

त्यांचं बघून मीही ऑनलाइन एक दुर्बीण मागवली. खोक्यावर शनीचं झगझगीत चित्र आणि मोठ्या अक्षरांत "५२५ पट!" असं छापलेलं. मी खोकं घेऊन थेट खाली गेलो. सिस्टरांनी ते पेशंटसारखं टेबलावर घेतलं, एकेक वस्तू काढून रांगेत मांडली आणि चष्मा नाकावर सरकवत म्हणाल्या, "पाचशे पंचवीस कशाला पाहिजे रे तुला?"

"जास्त मोठं दिसेल ना."

"मोठं दिसेल, पण काय दिसेल? दुर्बिणीचं तोंड किती? सत्तर मिलिमीटर. त्यात उजेड जाणार तेवढाच. तो तू फुगवून फुगवून पाचशे पट केलास की हाती येणार गढूळ डाग. पावर म्हणजे औषधाचा डोस असतो, इंजिनिअर. वाढवला म्हणून गुण येतोच असं नाही."

मग त्यांनी वाटणी केली. पंचवीस आकडा लिहिलेला आयपीस उजवीकडे, दहाचा त्याच्या शेजारी. चारचा आयपीस आणि तिपटीचा बार्लो, म्हणजे आयपीसच्या पुढे जोडून पावर वाढवायची नळी, हे दोन्ही परत खोक्यात. "आकडा मोठा तेवढी पावर कमी, हे डोक्यात ठेव. पंचवीसने आधी जागा शोधायची. सापडलं, मधोमध आलं, की दहा लावायचा. वर्षभर यावर भागतं. पुढे हौस टिकलीच तर दुपटीचा एक चांगला बार्लो घे. आणि बाराचा आयपीस घ्यायला धावू नकोस. त्या बार्लोत पंचवीसचा घातलास की तो साडेबाराचंच काम करतो."

खोक्यात शेवटी एक काळी काच निघाली, आयपीसवर बसवून सूर्य बघण्यासाठी दिलेली. ती बघताच सिस्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी ती जुन्या फडक्यात गुंडाळली, ओट्यावर ठेवली आणि वरवंट्याने फोडली.

"अहो सिस्टर, नवीन होती!"

"उन्हानं तापून ही तडकली ना, तर डोळा मिटायलासुद्धा वेळ मिळत नाही. गेलेला डोळा मी बघितलाय. आता चहा घे."

त्यांचं खरं मला संध्याकाळी गच्चीवर पटलं. हट्टाने मी चारचा आयपीस लावून बघितलाच. चंद्र सापडता सापडेना. सापडला तर पाण्यात बुडाल्यासारखा, आणि नेमकी तेव्हाच खालून लोणावळा लोकल गेली. सगळी गच्ची किंचित थरथरली आणि माझा चंद्र थयथय नाचायला लागला. सिस्टर हसून हसून टाकीला टेकल्या. "नाचव, नाचव! पंचवीस लाव आता." पंचवीस लावला आणि अख्खी कोर एका नजरेत मावली, कडेवरच्या खळग्यांसकट. पुढची लोकल गेली तेव्हा ती जराशी हलली आणि लगेच स्थिर झाली.

शुद्ध पक्षातल्या चतुर्थी-पंचमीला, दिवेलागणीला, गल्लीतली माणसं सिस्टरांच्या गच्चीवर जमत. आठच्या आत सगळं आटपायचं, कारण आठला त्यांचं जेवण. त्या दुर्बीण लावून देत आणि बघणाऱ्याला विचारत, "काय दिसलं? नीट सांग. धार आहे का कडेला? खळगे मोजता येतात का?" मला वाटे, समोरच्याला नीट बघायला शिकवायची ही त्यांची पद्धत. सगळ्यांना तेच वाटायचं.

अशी काही वर्षं गेली आणि एकदा माझी आई गावाहून राहायला आली. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या वर्षीच झालेलं. ती गच्चीवर आली तेव्हा सिस्टरांनी लगेच आयपीस बदलला. "चष्मा काढू नका, ताई. याला डोळा चिकटवावा लागत नाही, जरा लांबूनही दिसतं." मग स्वतः एकदा वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बघा आता, कडा कशी छान आलीय."

आईने डोळा लावला. लगेच मान वर केली. "सिस्टर, ह्यात तर नुसतं काळं दिसायलंय."

मी वाकून पाहिलं. चंद्र आयपीसच्या चौकटीतून केव्हाच सरकून गेला होता. आत काहीच नव्हतं. आणि सिस्टर क्षणापूर्वीच म्हणाल्या होत्या, कडा छान आलीय.

माणसं खाली गेल्यावर मी विचारलं, तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. मला नुसता पिवळट उजेड कळतो. आज तेवढाही कळला नाही. पण तुम्ही सगळे सांगता ना, ते ऐकलं की मला दिसतं."

"मग ऑपरेशन का नाही केलंत?"

त्या हसल्या, पण हात साडीच्या पदराशी चाळा करत होते. "आयुष्यभर लोकांना त्या टेबलावर झोपवलं. घाबरू नका, पाच मिनिटांचं काम आहे, म्हटलं. पेशंट झोपतो, कारण त्याला पुढचं काही माहीत नसतं. मला प्रत्येक चिमटा माहीत आहे रे. तारीख घेते आणि आदल्या दिवशी फोन करून पुढे ढकलते. तीनदा झालं."

आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. "भ्या वाटतंय व्हय? मला बी वाटलं होतं. म्या देवाचं नाव घ्यायलते, तवर डाक्टर म्हनला, उठा आजी."

आणि मग मी एक नवलच बघितलं. सिस्टर माझ्या आईला प्रश्न विचारायला लागल्या. आग झाली का? दिवा डोळ्यात फार लागतो का? पट्टी काढल्यावर पहिल्यांदा काय दिसलं? उत्तरं त्यांना माझ्या आईपेक्षा शंभरपटीने जास्त माहीत असणार. तरी त्या एखाद्या नव्या पेशंटसारख्या मान हलवत ऐकत होत्या.

"पयल्यांदा काय दिसलं?" आई म्हणाली. "नर्सबाईचं तोंड. लई देखनी होती."

सिस्टर एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही बाहेर बसाल का? आत येऊ देणार नाहीत, पण बाहेर?"

"बसते की. डबा घिऊन बसते."

आईने गावी जायचं लांबवलं, ते पुढे कायमचंच. ऑपरेशनच्या दिवशी पिंपरीच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती दाराबाहेरच्या बाकावर मांडी घालून बसली आणि शिपायाने दोनदा सांगूनही हलली नाही. आत जाताना सिस्टरांनी मागे वळून बघितलं ते माझ्याकडे नाही, तिच्याकडे. तिने नुसता हात वर केला. पुढे थेंब टाकायचं काम माझ्याकडे आलं आणि रोज बोलणी खाल्ली. "बाटलीचं टोक पापणीला लावू नकोस! कोणी पास केला तुला?"

दुसऱ्या डोळ्याचंही झालं, डॉक्टरांनी मोकळीक दिली आणि पंचमीला आम्ही तिघं गच्चीवर गेलो. हात धुऊन सिस्टरांनी पंचवीसचा आयपीस स्वतः बसवला. वाकल्या. खालून एक लोकल गेली, दुसरी गेली, त्या वर होईनात.

"सिस्टर, काय दिसलं?" मी विचारलं.

"अरे, हा पांढरा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पांढराशुभ्र. मी किती वर्षं पिवळा चंद्र बघत होते!" मग ताठ उभ्या राहिल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आणि इंजिनिअर, तुझे केस पिकलेत की रे! कोणी सांगितलं नाही मला."

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीला बाळ झालं आणि सिस्टर नागपूरला गेल्या, कायमच्या. सामान टेम्पोने गेलं, पण दुर्बीण आणि डब्या त्यांनी गाडीत मांडीवर घेतल्या. स्टेशनवर आईला मिठी मारताना दोघींच्या चष्म्यांची काच काचेला लागली आणि दोघीही एकदम ओरडल्या, "चरा पडेल!"

आता त्यांचा फोन येतो तो बहुधा सूर्य मावळल्यावर. नागपूर पूर्वेला, त्यामुळे त्यांच्याकडे अंधार आमच्याआधी पडतो. परवा मी कंपनीची बस उतरून घराकडे चालत होतो, अजून चांगलं दिसत होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"शुक्र आला बघ इकडे. आत्ताच बघितला, अर्ध्या चंद्रासारखा दिसतोय. तुझ्याकडे उजेड असेल ना अजून?"

"हो, सिस्टर."

"मग घाई नको. घरी जा, ताईंना चहा करून दे आणि दोघं वर जा. येतोय तो तिकडे."