शेल्याची गाठ

ब्याऐंशी साल. मी तेवीस वर्षांचा. वीरभद्राची तलवार माझ्या हातातून चुलत्यानं घेतली आणि सगळ्या गावासमोर धुतली. चिंच आणि राखेनं घासली. वरून दोन घागरी पाणी. गावात प्यायला पाणी पुरत नव्हतं तेव्हा.

नात मोबाइलच्या खेळात एक गडी बनवत होती. अर्धा माणसांतला, अर्धा वनातल्या लोकांतला, देवाची शपथ घेऊन लढणारा. म्हणाली, "आबा, असा खरा कुणी असतो का?" म्हणून हे लिहितोय.

बाप लिंगायत. पुरवंत होता, म्हणजे देवापुढं तलवार घेऊन नाचणारा. आई गोंड, किनवटच्या जंगलातली. बाप तिकडं लाकडाच्या कामाला गेला आणि तिला लग्न करून घेऊन आला. तो लवकर गेला. गाव मला 'रानातलीचा' म्हणायचं. आईला विहिरीच्या पायऱ्या बंद. घागर घेऊन वर उभं राहायचं. कुणी ओतलं तर ओतलं.

त्या साली पावसानं तोंड फिरवलं. लातूर नवा जिल्हा झालेला. नवे साहेब येणार, टँकर मागायचा, म्हणून देव मिरवणुकीला काढायचं ठरलं. गावच्या पुरवंताचा पाय सुजलेला. चुलता आमच्या दारात आला. पहिल्यांदाच.

"बाळा, तू आमच्याच रक्ताचा. बापाची तलवार घे. नाचून झालं की रिवाजानं रातभर ती तुझ्याच घरी."

बाळा! मला खटकलं. इतकी वर्षं कुठं होता हा बाळा? पण तलवार बापाची. व्हय म्हणलं. आईनं पिण्याच्या पाण्यातून वाचवून घर सारवलं. तलवार येणार होती.

चुलत्यानं माझ्या कमरेला लाल शेला बांधला. रिवाज असा, की बांधणाऱ्यानंच तो सोडायचा. तोवर पुरवंताची आणि त्याच्या सोबतच्यांची वाट कुणी अडवायची न्हाई. गाठ मारली आणि चुलता तिथून थेट आंघोळीला गेला. मी बघितलं.

नाचलो. निखाऱ्यावरून गेलो. साहेबांनी हात जोडले. त्यांची जीप गेली आणि तलवार धुतली.

"काका, घरी न्यायची होती ना?"

"नाचायपुरता आमचा तू. त्या रानटी बाईच्या घरात देव ठेवू काय?"

"झाडाला टांगंल ती!" कुणीतरी म्हणलं. लई हसले.

आई मागंच उभी होती.

चुलता तलवार घेऊन गेला. पुन्हा विटाळ नको म्हणून माझ्याजवळ आला न्हाई. गाठ तशीच राहिली. मीही सोडली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी भस्म लावलं. आईला म्हणलं, "घागर घे."

चुलता विहिरीवरच होता. माझी कंबर बघून त्याचं तोंड उतरलं.

"सोड तो शेला!"

"बांधला कुणी? या, सोडा."

दोन पावलं आला. थांबला. हात काही पुढं आला न्हाई.

आई पायऱ्या उतरली. मी तिच्या मागं. तिनं आपल्या हातानं घागर बुडवली.

वर येताना चुलत्याला सांगितलं, "हात लावून सोडा. न्हाईतर उद्या पण येणार. रोज येणार."