बोरीखालचे दगड

मी पहिल्यापासून बोलघेवडा. त्यातूनच हे सगळं ओढवलं.

वलगावचं वावर थोरले दादा पाहत आणि मी अमरावतीला एका गोऱ्या पाद्रीसाहेबाला मराठी शिकवी. तो शुभवर्तमान वाची, मी उच्चार सुधारी. आपला संबंध तेवढाच, असं मी घरी ठासून सांगत असे.

त्या उन्हाळ्यात पटकीने आमची दोन्ही लेकरं नेली. पाच वर्षांच्या मुलीला अग्नी दिला, राख पेढी नदीत सोडली. मुलगा तान्हा. तान्ह्याला जाळत नाहीत, म्हणून त्याला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बोरीखाली पुरलं. बायकोने भोवती दगड मांडले. ती जेवेना की बोलेना. मला ते पाहवेना. एका दुपारी मी साहेबाचा धडाच तिला सांगितला. पेरलेलं बी मातीत मरतं आणि नवं रूप घेऊन वर येतं, तशी मेलेली माणसंही एक दिवस देहासकट उठतील.

सरकीला शेणमाती चोळून पेरण्यात तिचा जन्म गेलेला. तिला लगेच कळलं.

“पोराले पुरलं, पण पोरीले तं जायलं. मंग पोरगी कशी उठन?”

दुसऱ्या दिवशी मी हेच साहेबाला विचारलं. तो म्हणाला, पहिल्या काळी वैऱ्यांनी ख्रिस्ती लोकांना जाळून त्यांची राख मुद्दाम नदीत फेकली, पुन्हा उठू नयेत म्हणून. तरी त्यांचे गुरू सांगत, ज्याने मातीतून माणूस केला त्याला राख गोळा करणं जड नाही. घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा बायको कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

मला स्वतःला पटलं होतं? बरंचसं. पण तसं म्हणावं तर जात वाळीत टाकणार, नाही म्हणावं तर हिचा घास पुन्हा अडणार. मी पुरता अडकलो होतो.

कापसाला तेव्हा सोन्याचा भाव. दादांनी पेरणीसाठी धुरेसुद्धा वखरायला काढले. बायको बैलांपुढे उभी राहिली.

“इथं वखर नाई चालणार. माहं लेकरू उठणार हाये इथून.”

दादा माझ्याकडे वळले. “हे तूच शिकवलं न? तू बाटला काय रे? तुले पटते काय हे?”

गडी थांबून पाहत होते. तीही पाहत होती.

“नाई दादा,” मी म्हणालो. “साहेबाच्या गोष्टी त्या. मले काय त्याचं?”

ती वाकली. एकेक दगड उचलून पदरात घेतला आणि बैलांना वाट दिली. रात्री मला नेहमीसारखं वाढलं. त्यानंतर तिने पोराचं नाव काढलं नाही, पोरीचंही नाही.