दहा नंबरचा पाना

हवाई दलात भरती झालो तेव्हा राजुरीत सगळ्यांना वाटलं, मी विमान चालवणार. मी विमानाचे नट आवळणार आहे, हे आईला पटवण्यात दोन सुट्ट्या गेल्या.

ट्रेनिंगनंतरची पहिली पोस्टिंग ईशान्येकडच्या हेलिकॉप्टर युनिटला. आमचे सार्जंट थोरात आमच्याच भागातल्या निरगुडसरचे. इतरांशी हिंदी, माझ्याशी गावची भाषा. त्यांचा नियम एकच होता: पाने, पकडी, सगळी हत्यारं मोजून घ्यायची, मोजून परत आणायची आणि मगच काम पूर्ण झाल्याच्या फॉर्मवर सही. स्टोअरच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असे, एखादं कमी असलं की लांबूनच कळायचं.

नव्वदच्या दशकातली ती एक सकाळ. ६.१० ला सर्व्हिसिंग संपलं. टेक-ऑफ ७ ला होता. फॉर्मवर मी सही केली, माझ्या भरवशावर थोरातांनी खाली केली. ६.४५ ला हत्यारं फळ्यावर लावली, तर दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी. मी मोजलंच नव्हतं.

बाहेर इंजिन सुरू झालं होतं. आत पाच माणसं बसली होती. माझं नाव पुढच्या कोर्सच्या यादीत होतं आणि तोंड उघडलं तर ते कटणार, हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू, मिनिटभर मी तिथंच उभा राहिलो. मग पळत सुटलो.

"सर, पाना आत राहिलाय."

थोरातांनी रेडिओ तोंडाशी धरला. "टॉवर, होल्ड टेक-ऑफ. टूल मिसिंग."

"रॉजर. होल्डिंग."

इंजिन बंद झालं. थोरातांनी पॅनेल उघडलं. हेलिकॉप्टरची दिशा सांभाळणाऱ्या कंट्रोल रॉडच्या नटाशेजारी पाना अगदी नीट ठेवलेला होता.

"हितं कुणी ठिवला?"

"मीच. घरी पंपाचा पाना आमी पंपापाशीच ठेवतो. परत लागला की सापडतो."

"ह्यो काय इहिरीवरचा पंप हाय व्हय राव? त्यो बंद पडला तर ऊस वाळंल. हितं पाच जनं बसल्यात!"

माझा कोर्स वर्षभर पुढे गेला. सही केली म्हणून थोरातांचं प्रमोशनही अडलं. मला लाज वाटली, अजूनही वाटते. ते एवढंच म्हणाले, "पळत आलास, लई झालं. चल, चहा पाज."

पुढे मी कॉर्पोरल झालो, मग सार्जंट. थोरात फ्लाइट इंजिनिअर झाले, हेलिकॉप्टरसोबत उडू लागले. दोन हजारनंतरच्या एका पावसाळ्यात ते डोंगरातल्या चौकीवर रेशन टाकायला गेले. ९.२० ला रेडिओवर शेवटचा आवाज आला, "वेदर खराब. रिटर्निंग." हेलिकॉप्टर परतलं नाही. त्या दिवशी मी आमच्या स्टोअरचा फळा तीनदा मोजला. सगळी हत्यारं जागेवर होती.

रिटायर झाल्यावर निरगुडसरला गेलो. थोरातवहिनींनी पंपाच्या खोलीतली त्यांची हत्यारांची पेटी आणून पुढ्यात ठेवली.

"भाऊ, ह्यांच्या मागं हिला कुणी हात लावला न्हाई. तुमीच बघा."

झाकणाच्या आत त्यांच्या अक्षरातली यादी होती, खाली सही. मी एकेक नाव वाचलं, वहिनींनी एकेक हत्यार उचलून दाखवलं. दहा नंबरचा पानाही निघाला. यादीप्रमाणे सगळी भरली.

मग खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्या सहीखाली माझी सही केली. या वेळी मोजून केली.