कसले पेढे?

शिवराज बिरादारांना कुणी जरा जास्तच वाकून नमस्कार केला, की ते मनात म्हणत, आता काम निघणार. आणि खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा निघायचंच.

उदगीरकडच्या कुणब्याचं पोर. बाप अंबाजी शेती सोडून हैदराबादेत अडतीवर मुनीम झाला, पोरगा नारायणगुड्यात शिकला, मोठी परीक्षा पास होऊन परराष्ट्र खात्यात गेला. पहिल्याच नेमणुकीत एका व्यापाऱ्यानं खजूर पाठवले. यांनी मिटक्या मारत खाल्ले. आठवडाभरात तो व्यापारी अडकलेला माल सोडवून घ्यायला दारात हजर! वरिष्ठांनी असं झापलं, की त्यानंतर गोडाचा डबा दिसला तरी हात आपोआप मागं जाई. साहेब पुढं राजदूत झाले, देशोदेशी राहिले, पण अंगावर एक शिंतोडा म्हणून उडाला नाही. निवृत्त झाल्यावर कोट कपाटात गेला. हा स्वभाव मात्र कुठल्या कपाटात ठेवणार?

बायको रंजना गेली आणि साहेब हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये एकटे उरले. मग दर रविवारी नारायणगुड्याहून भामा यायला लागली. भामा म्हणजे चुलत बहीण, लहानपणी यांच्या मागं मागं फिरणारी. येताना स्टीलचा डबा आणायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. साहेब जेवत चवीनं, पण मनात एकच किडा: ही का येते? भामाची मेधा अमेरिकेला शिकायला जायच्या खटपटीत होती, हे त्यांच्या कानावर आलं होतं. लोकांना तर वाटायचं, राजदूत म्हणजे व्हिसाचं झाड. हलवलं की पडला. अहो, दुसऱ्या देशाचा व्हिसा हे कुठून देणार? पण सांगणार कुणाला?

म्हणून साहेबांनी सावधपणा धरला. मेधाचं नाव काढायचं नाही. डबा घासूनपुसून परत द्यायचा, पण रिकामा. आपल्याकडं शेजाऱ्याचा डबासुद्धा कुणी रिकामा पाठवत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. साहेबांना का ते ठाऊक नव्हतं? पण देणंघेणं सुरू झालं की मागणं सुरू होतं, असा त्यांचा हिशेब. भामा रिकामा डबा पिशवीत टाकायची, काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्याचाही त्यांना संशय यायचा.

एका रविवारी डब्यात वर पेढे निघाले. साहेब मनात म्हणाले, आले खजूर! भामा समोर बसून तोंडाकडं बघत होती. साहेबांनी भाजीत मीठ बरोबर पडलंय म्हणून सांगितलं आणि पेढे बाजूला सारले. ती गेल्यावर ते खाली नेऊन वॉचमन यादय्याला देऊन टाकले. यादय्यानं एक तोंडात टाकत विचारलं, "किस खुशी का है साब?" साहेब म्हणाले, पता नहीं.

पुढच्या रविवारी भामानं डबा ठेवला आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "अण्णा, एक बोलायचं होतं."

साहेबांनी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "भामे, काम काय ते सरळ सांग. व्हिसाचं असेल तर माझ्याकडून होणार नाही. त्यासाठी भाकरी थापायची गरज नव्हती."

भामानं पिशवी उचलली. मग म्हणाली, "मेधाचा व्हिसा कधीच झाला, अण्णा. त्याचेच पेढे होते. तुम्ही विचाराल म्हणून बसले होते मी. ती परवा निघतीय, तिला आशीर्वाद द्यायला या, एवढंच म्हणणार होते."

डबा तिथंच सोडून ती गेली.

साहेबांचे कान तापले. पेढा हातात आला की शेंबडं पोरसुद्धा विचारतं, कसले पेढे? यादय्यानं विचारलं. आपण तेवढं विचारलं नाही. लाज वाटली, पण जायचं धाडस होईना. मेधा गेली. त्यानंतरच्या रविवारी दारावरची बेल वाजलीच नाही. साहेब दुपारपर्यंत उपाशी बसले, तेव्हा कुठं त्यांना कळलं, की या गावात आपलं म्हणून दार वाजवणारं एकच माणूस होतं.

त्यांनी डबा काठोकाठ साखरेनं भरला आणि ऑटो करून नारायणगुड्याला गेले. देशोदेशींच्या मंत्र्यांपुढं न अडखळलेला माणूस बहिणीच्या उंबऱ्यापाशी घसा खाकरत उभा राहिला.

भामानं दार उघडलं. डबा पाहिला, त्यांचं तोंड पाहिलं. डबा काही हातात घेतला नाही. रागावली नव्हती ती. तिला खरोखरच प्रश्न पडला होता.

"अण्णा, तुम्ही?" ती म्हणाली. "काय काम काढलं?"